कमी सरावात आयर्नमॅन : किती तास पुरेसे?

३.८ किलोमीटर पोहायचे, लगेच १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग ४२.२ किलोमीटर धावायचे. सगळे एका दिवसात, साधारण १७ तासांच्या आत. आयर्नमॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शर्यतीसाठी हौशी खेळाडूंना जुना सल्ला असा, की कित्येक महिने आठवड्याला १२ ते १५ तास सराव करा, नाहीतर तिच्या नादाला लागू नका. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा आणि आईवडिलांची आजारपणे सांभाळणाऱ्या माणसाला एवढे तास काढणे फार कठीण जाते. तरीही पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापुरातून डॉक्टर, पोलीस अधिकारी, व्यावसायिक या शर्यतीत उतरत आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची ‘७०.३’ शर्यत भारतात पहिल्यांदा झाली, आणि परदेशी जाण्याचा खर्च न झेपणाऱ्यांनाही हा खेळ जवळचा वाटू लागला.

त्याबरोबर एक प्रश्न धावणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या गटांत सतत विचारला जाऊ लागला. आठवड्याला सहा-आठ तासांच्या सरावावर हे जमते का? जमत असेल तर कोणाला जमते, कशाच्या बळावर, आणि शरीराला त्याचे काय मोजावे लागते? या वादात आज कोणती बाजू कुठे उभी आहे, ते या लेखात पाहू.

सुरुवात हवाईत

पोहणे, सायकल आणि धावणे एकत्र करणारी शर्यत, म्हणजे त्रिक्रीडा, अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९७४ साली सुरू झाली. तिची अंतरे छोटी होती. लांब पल्ल्याचा जन्म १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईच्या ओआहू बेटावर झाला. नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा एकाच दिवसात जोडल्या. सर्वांत दमदार कोण, पोहणारा, धावणारा की सायकलस्वार, हा त्यामागचा वाद होता. १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पूर्ण केली आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला.

आजच्या वादासाठी त्या दिवसाला महत्त्व आहे. या शर्यतीसाठी खास सराव कसा करावा हे तेव्हा कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते, कारण शर्यतच नवी होती. म्हणजे ‘कमी सरावात’ आयर्नमॅन पूर्ण करणारे पहिले लोक ते बाराजण, असे म्हणता येते. पण ते घरी बसलेले लोक नव्हते. धावणे आणि लष्करी कवायत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

शर्यत १९८१ साली हवाईच्याच मोठ्या बेटावर, कोना येथे गेली. १९८२ च्या फेब्रुवारीत ज्युली मॉस ही विद्यार्थिनी तिथे आपल्या प्रबंधासाठी उतरली होती. ती महिलांत आघाडीवर होती, पण शेवटच्या टप्प्यात पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. अखेरच्या काही मीटरांत कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली आणि मॉस रांगत रांगत २९ सेकंदांनी दुसरी आली. दूरचित्रवाणीवरच्या त्या दृश्यांनी आयर्नमॅन जगभर पोचवला. सामान्य माणसाला ही शर्यत आपलीही आहे असे वाटायला लावणारा क्षण तोच, आणि अपुरी तयारी शेवटच्या तासात कशी वसूल होते हे दाखवणाराही तोच.

त्यानंतरच्या दोन दशकांत सरावाचे शास्त्र बसत गेले. जो फ्रील यांचे त्रिक्रीडा सरावावरचे गाजलेले पुस्तक १९९८ चे. २००४ साली डॉन फिंक यांनी ३० आठवड्यांचे तीन आराखडे मांडले आणि त्यांतला एक थेट ‘फक्त पूर्ण करायची आहे’ अशांसाठी ठेवला. नामांकित प्रशिक्षकाने कमी वेळ असलेल्या माणसाला वेगळा, सन्मानाचा रस्ता आखून देणे ही तेव्हा नवी गोष्ट होती.

वेळेचे गणित

वादात शिरण्याआधी हिशेब मांडायला हवा, कारण ‘पूर्ण करणे’ म्हणजे नेमके काय, ते कटऑफच्या वेळा ठरवतात. त्या शर्यतीगणिक थोड्या बदलतात. तरी सर्वसाधारणपणे पोहण्यासाठी २ तास २० मिनिटे, सायकल संपेपर्यंत एकूण १०.५ तास आणि शेवटी १७ तास, अशी मर्यादा असते.

पोहण्याची पूर्ण मुदत वापरली तर शंभर मीटरला साडेतीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ मिळतो. हा वेग फार मोठा नाही. सायकलला मग ८ तास १० मिनिटे उरतात, म्हणजे कपडे बदलण्याचा वेळ धरून ताशी २२ किलोमीटरच्या वर. सपाट रस्त्यावर, ताज्या पायांनी, नेहमी सायकल चालवणाऱ्याला हे सहज वाटेल. वारा आणि चढ आले की वाटणार नाही. धावण्यासाठी उरतात साडेसहा तास, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटर. झपाझप चालणारा माणूस ताशी सहा किलोमीटर जातो. म्हणून पहिल्या दोन टप्प्यांत सगळी मुदत संपवणाऱ्याला मॅरेथॉन निव्वळ चालून पुरी करता येत नाही. सायकलवर तासभर वाचवला, तर मात्र येते.

७०.३ च्या शर्यतीत अंतरे आणि एकूण मुदत निम्मी असली तरी धावण्याला वेळ निम्म्याहून किंचित कमीच सुटतो, असे तिचे आकडे सांगतात. एकूण साडेआठ तासांपैकी सायकल साडेपाच तासांपर्यंत संपवायची असते आणि २१.१ किलोमीटरला तीन तास राहतात. तिथे ताशी सात किलोमीटर लागतात. थोडेतरी पळावेच लागते.

या गणितातून पहिला निष्कर्ष निघतो. कमी सरावाचा माणूस वेगात कमी पडतो त्यापेक्षा जास्त तो सायकलच्या टप्प्यात कमी पडतो, कारण दिवसाचा सर्वांत मोठा तुकडा तोच. थोडेच तास हाती असतील तर त्यांतले निम्मे सायकलला द्यावेत, हा सल्ला बहुतेक प्रशिक्षक देतात आणि तो पटतो.

तास हवेतच, असे म्हणणारे

पहिली बाजू बऱ्याच प्रशिक्षकांची आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञांची. त्यांचे म्हणणे असे की लांब पल्ल्याची शर्यत हा मुळात हळू, दीर्घकाळ चालणारा उद्योग आहे आणि त्याची तयारीही हळू, दीर्घ सरावानेच होते. स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढणे, पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढणे, साखर जपून चरबी जाळण्याची सवय लागणे, सांधे आणि स्नायुबंध कणखर होणे, या सगळ्याला महिने लागतात.

नॉर्वेत काम करणारे अमेरिकी संशोधक स्टीफन सायलर यांनी दमसासाच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. साधारण ८० टक्के सराव गप्पा मारता येतील इतक्या हळू वेगात आणि उरलेला खूप जोरात, असा आराखडा त्यांना वारंवार आढळला. हौशी खेळाडूही याला अपवाद नसावेत, असे सुचवणारा एक छोटा स्पॅनिश अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आयर्नमॅनची तयारी करणाऱ्या हौशी खेळाडूंत, सरावात हलक्या तीव्रतेचा वेळ जास्त असलेल्यांची कामगिरी सरस दिसली.

या बाजूची अडचण अशी, की ८०-२० हे प्रमाण पुष्कळ तास असलेल्यांच्या नोंदींतून आले आहे. आठवड्याला २५ तास सराव करणाऱ्याला सगळे जोरात करणे शक्यच नसते. त्याला हळू जावेच लागते. सहा तासवाल्यालाही तेच प्रमाण लागू पडते का, हा प्रश्न त्या नोंदींनी सुटत नाही.

कमी, पण कडक

दुसऱ्या बाजूचा आधार कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातील मार्टिन गिबाला यांच्या प्रयोगांत आहे. २००६ च्या प्रयोगात दोन आठवड्यांत एका गटाने सायकलवर ३० सेकंदांचे जीव तोडून मारलेले फेरे केले, विश्रांती धरून एकूण अडीच तास. दुसऱ्या गटाने नेहमीसारखी लांब सायकल चालवली, एकूण साडेदहा तास. स्नायूंतले बदल आणि चाचणीतली सुधारणा दोन्हीकडे जवळजवळ सारखी निघाली. या निकालाने वेळेच्या तंगीत असलेल्या माणसांना मोठी आशा दिली. ब्रायन मॅकेन्झी यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी वजने, छोटे जोरदार फेरे आणि अगदी थोडे मैल अशा मिश्रणावर लांब शर्यतींची तयारी शिकवायला सुरुवात केली. या पद्धतीला अनुयायी मिळाले आणि तितकेच कडवे विरोधकही.

गिबाला यांचा प्रयोग चोख आहे. पण त्यातली सर्वांत लांब चाचणी सुमारे तासाभराची होती. एका तासाच्या कामगिरीवरून पंधराव्या तासाबद्दल बोलणे हे मोठे उड्डाण आहे.

इथे रॉबर्ट हिक्सन यांचे १९८० च्या दशकातले काम मला अधिक उपयोगी वाटते, आणि ते फारसे कोणी आठवत नाही याचे वाईट वाटते. त्यांनी आधी काही लोकांकडून दहा आठवडे रोज ४० मिनिटे कडक सराव करून घेतला. मग तीव्रता तीच ठेवून वेळ २६ किंवा १३ मिनिटांवर आणला आणि १५ आठवडे तसाच चालवला. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत टिकली. १३ मिनिटेवाल्यांचा लांब वेळ तग धरण्याचा दम मात्र सुमारे दहा टक्क्यांनी घटला. इंजिन टिकते, पण टाकी लहान होते.

हिक्सन यांच्या निकालात दोन्ही बाजूंचा तंटा बराचसा मिटतो. थोडा कडक सराव मिळवलेली क्षमता राखायला पुरतो. ती दिवसभर पुरवायला लांब सराव लागतो. म्हणून आज कमी तासांचे जे आराखडे जबाबदारीने आखले जातात, त्यांत मधल्या दिवशी ४०-५० मिनिटांचे कडक सत्र, बहुधा घरच्या ट्रेनरवर, आणि रविवारी एक लांब सायकल किंवा ‘ब्रिक’, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावणे, असा मेळ असतो. आपल्याकडे ‘ब्रेव्हे’च्या सायकलफेऱ्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. दिवसभर खोगिरावर बसून खाण्यापिण्याचा अंदाज घ्यायला याहून चांगली आणि स्वस्त संधी नाही.

जुनी पुंजी

तिसरी बाजू वेगळाच मुद्दा काढते, आणि माझ्या मते वादाची किल्ली तिच्याकडे आहे. ‘कमी सराव’ हा शब्दप्रयोग शेवटच्या सहा महिन्यांबद्दल असतो. शरीर मात्र त्याआधीची वीस वर्षेही घेऊन शर्यतीला येते.

मिलिंद सोमण यांनी जुलै २०१५ मध्ये, पन्नाशी गाठायला काही महिने उरले असताना, झुरिकचा आयर्नमॅन पहिल्याच प्रयत्नात १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केला. ही बातमी वाचून अनेकांना वाटले की पन्नाशीतही उठून हे करता येते. येतेही. पण सोमण तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, आणि २०१२ साली ते दिल्लीहून मुंबईपर्यंत धावत आले होते. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर यांनी वीसहून अधिक आयर्नमॅन पूर्ण केले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी हौशी खेळाडूंना तयार केले. तेही मूळचे राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू.

स्वित्झर्लंडमधील बीट क्नेश्टले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे अभ्यास याच दिशेला बोट दाखवतात. हौशी पुरुषांची आयर्नमॅनची वेळ सांगायला त्यांची आधीची सर्वोत्तम मॅरेथॉनची आणि ऑलिम्पिक अंतराच्या शर्यतीची वेळ हे चांगले निर्देशक ठरले. आधी काय करून दाखवले आहे, याला मोठे वजन असते.

म्हणून आठ तासांचा आराखडा मागणाऱ्या दोघांना एकच उत्तर देता येत नाही. गेली आठ-दहा वर्षे मुंबई मॅरेथॉन आणि साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन धावणारी, कृष्णाकाठी पोहायला शिकलेली बाई आणि दोन वर्षांपूर्वी वजन कमी करायला चालायला लागलेला गृहस्थ, या दोघांचे आठ तास सारखे नाहीत. पहिलीला ते पुरतील. दुसऱ्याने आधी दोन-तीन वर्षे छोट्या शर्यती कराव्यात. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण पुराव्याचा कल तिकडेच आहे.

पाण्यातली तडजोड

इथवरच्या मतभेदांत दोन्हीकडे थोडे थोडे खरे आहे. पोहण्याच्या बाबतीत तसे नाही.

अमेरिकेतल्या त्रिक्रीडा शर्यतींमधले १९८५ ते २०१६ या काळातले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना यांचा केविन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी घेतलेला आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण १३५ घटना. एक लाख सहभागींमागे १.७४ हे प्रमाण. त्यांपैकी दोन तृतीयांश घटना पोहताना घडल्या. पीडितांत ८५ टक्के पुरुष होते, सरासरी वय ४७ च्या आसपास. साठी ओलांडलेल्या पुरुषांत प्रमाण लाखामागे १८.६ पर्यंत चढले. शवविच्छेदनाचे अहवाल मिळाले त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हृदयात आधीपासून दोष आढळले.

यातला किती भाग सरावाच्या कमतरतेचा, किती दडलेल्या हृदयविकाराचा आणि किती गर्दी, गार पाणी आणि घबराट यांचा, हे वेगळे काढता आलेले नाही. पण एक गोष्ट उघड आहे. सायकलवर किंवा धावताना थकलेला माणूस थांबतो, बसतो, कोणीतरी पाणी देते. समुद्रात थांबायला जागा नसते.

महाराष्ट्रात याचा वेगळा संदर्भ आहे. विहिरीत किंवा नदीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते, पण लांब अंतराची शिस्त नसते. शहरातल्या तलावात शिकलेल्यांना शिस्त असते, पण तळाची निळी रेघ आणि २५ मीटरवरची भिंत दिसली नाही की त्यांची दिशा हरवते. दोघांनाही खुल्या पाण्यात वेगळे शिकावे लागते : मान वर काढून खूण पाहणे, लाट आली की दुसऱ्या बाजूने श्वास घेणे, कोणाचा पाय तोंडावर लागला तर न घाबरता चार हात पाठीवर तरंगणे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर वर्षी होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत लहान अंतरांपासून सुरुवात करता येते, आणि तिथे सोबतीला होड्या असतात. गोव्याच्या उबदार पाण्यात तरंगायला मदत करणारा वेटसूटही अंगावर नसतो. युरोपातल्या थंड तळ्यांसाठी लिहिलेला ‘पोहणे कमी केले तरी चालेल’ हा सल्ला म्हणूनच इथे जसाच्या तसा उचलू नये.

वेळ वाचवायचा असेल तर धावण्यातून वाचवा, पोहण्यातून नको. या एका मुद्द्यावर मला मधली वाट दिसत नाही.

जास्त वेळ उन्हात

कमी सराव म्हणजे कमी कष्ट, हा समज शर्यतीच्या दिवशी उलटतो. अव्वल पुरुष खेळाडू आठ तासांच्या आत घरी जातात. अर्ध्या तयारीचा माणूस पंधरा-सोळा तास रस्त्यावर असतो. ऊन त्याच्याच वाट्याला जास्त, खाण्याचे हिशेब त्याचेच लांब आणि अंधारात चालणेही त्यालाच.

स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर दोन हजार कॅलरींच्या आसपास असते. दिवसाचा खर्च त्याच्या कितीतरी पट. बाकीचे चरबीतून आणि तासागणिक खाण्यातून येते. म्हणून पोटालाही सराव द्यावा लागतो. ताशी ६० ग्रॅम साखर पचवायची सवय शर्यतीच्या आदल्या आठवड्यात लागत नाही. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, मीठ-साखरेचे पाणी, उकडलेला बटाटा, जे पचते ते लांब सायकलफेरीत आधी तपासून ठेवावे.

पाण्याचा धोका दोन्ही बाजूंनी आहे. न्यूझीलंडच्या १९९७ च्या आयर्नमॅननंतर तपासलेल्या ३३० जणांपैकी १८ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम घसरलेले आढळले. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, पण काहींची अवस्था गंभीर होती. गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हे यामागचे मोठे कारण मानले जाते, आणि हळू जाणाऱ्याला प्रत्येक टेबलापाशी पेला उचलायला भरपूर सवड असते. ‘तहान लागण्याआधी पीत राहा’ हा जुना उपदेश त्यामुळे मागे पडला आहे.

अजून न सुटलेले

सराव किती वेगाने वाढवला तर दुखापत होते, यावर एकमत नाही. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा नियम प्रत्येक धावणाऱ्याला पाठ असतो. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सावकाश वाढवणारा १३ आठवड्यांचा गट आणि नेहमीचा ८ आठवड्यांचा गट, दोन्हीत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. त्यानंतर टिम गॅबेट यांनी ताज्या आठवड्याचा भार आणि आधीच्या महिन्याचा भार यांचे गुणोत्तर पाहण्याची पद्धत मांडली आणि ती घड्याळांच्या अॅपपर्यंत पोचली. पुढे फ्रँको इम्पेलिझेरी आणि इतरांनी तिच्या संख्याशास्त्रीय पायावरच बोट ठेवले. आज ती पद्धत वापरणारे आणि नाकारणारे, दोन्ही आहेत.

दुसरा खुला प्रश्न टिकाऊपणाचा. ताजा असताना ज्याची क्षमता उत्तम, त्याची पाच तासांनंतर किती उरते? २०२१ पासून संशोधक हा गुण स्वतंत्रपणे मोजू पाहत आहेत. तो कमी तासांत वाढवता येतो का, हे कळले तर हा सगळा वाद पुष्कळ पुढे जाईल.

तिसरी अडचण पुराव्याच्या स्वरूपाचीच आहे. एका गटाला सहा तास आणि दुसऱ्याला बारा तास असा वर्षभर सराव देऊन दोघांना आयर्नमॅनला उतरवणे अवघड आहे. म्हणून आपण अनुभवकथांवर विसंबतो, आणि त्या कथा पूर्ण केलेल्यांच्या असतात. सायकलच्या कटऑफला थांबवलेला, पोहताना होडीचा आधार घेतलेला, सहा महिने गुडघा धरून बसलेला माणूस सहसा लिहीत नाही. त्याचे तास कोणाच्या हिशेबात येत नाहीत.

ही उणीव भरून काढणे आपल्या हातात आहे. पुणे, कोल्हापूर, नाशिकच्या प्रशिक्षकांकडे आणि क्लबांकडे शेकडो हौशी खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी घड्याळांत साठलेल्या आहेत. ज्यांची शर्यत अर्ध्यावर सुटली त्यांच्याही नोंदी, नाव न देता, आधीच्या खेळाच्या माहितीसह आणि दुखापतींसह एकत्र मांडाव्यात, आणि क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी त्या तपासाव्यात. आणि ज्यांनी यंदाच्या शर्यतीचे पैसे आधीच भरले आहेत, त्यांनी पुढच्या रविवारी सायकल काढण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि जाणत्या माणसाच्या सोबतीने एकदा समुद्रात पोहून यावे.